मंगळावरचं पडणं, खोडदचं ऐकणं
तळेगाव दाभाडेहून इंदोरी, म्हाळुंगे करत चाकणच्या तळेगाव चौकात अडकायचं, मग खेड, मंचर मागं टाकून नारायणगाव गाठायचं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला पोरांना घेऊन मी याच वाटेनं खोडदची रेडिओ दुर्बीण बघायला जातो. मोबाइलच्या लहरींचा दुर्बिणीला गोंगाट होतो म्हणून तिथं तो बंद करायला लागतो, आणि तेच पोरांना सगळ्यात जड जातं.

या दुर्बिणीची, म्हणजे जीएमआरटीची, सुरुवात तशी कल्याणची. प्रा. गोविंद स्वरूप यांनी १९६०च्या दशकात तिथं छोट्या तबकड्या लावून सूर्य ऐकला. १९७०मध्ये उटीची दुर्बीण झाली, मग खोडद. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी, बाकीच्या तीन फाट्यांवर, सगळा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. पत्र्याऐवजी पोलादी तारेची जाळी ताणलेली, त्यामुळं वारा आरपार जातो आणि सांगाडा हलका, स्वस्त राहतो. २००१मध्ये ती जगासाठी खुली झाली.

माझ्या मते तिची खरी कसोटी लागली १९ ऑक्टोबर २०१६च्या रात्री. युरोपचं शियापारेली यान ताशी २१ हजार किलोमीटर वेगानं मंगळाच्या हवेत शिरलं. त्याचा ४०१ मेगाहर्ट्झचा क्षीण सूर मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांसाठी होता. खोडदनं तो साडेसतरा कोटी किलोमीटरवरून, पावणेदहा मिनिटं उशिरानं पकडला. जुन्या रिसीव्हरांच्या पट्ट्यात ४०१ बसतच नव्हतं. दुर्बिणीच्या सुधारणेत आलेला २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा कामी आला.

या सुरावरून यानाचा वेग काढायचा हिशेब रेल्वेच्या शिट्टीचाच. गाडी जवळ येताना सूर चढतो, लांब जाताना उतरतो. इथं वेग सेकंदाला एक किलोमीटरनं बदलला की सूर सुमारे १,३४० हर्ट्झ सरकतो. त्यातून पृथ्वी आणि मंगळाची स्वतःची चाल वजा करायची. उरतो तो यानाचा वेग. तो किती झपाट्यानं घटतोय यावरून हवेचा दाटपणा काढता येतो. तापलेल्या वायूच्या वेढ्यात सूर काही वेळ बुडतो, तेही अपेक्षितच. अडचण एवढीच, की हा वेग फक्त आपल्या नजरेच्या रेषेतला. आडवी चाल गणिती प्रारूपातून अंदाजानं भरावी लागते.

उतरायला जेमतेम ५० सेकंद उरले असताना सूर तुटला. चौकशीत कळलं, पॅराशूट उघडल्यावर गिरक्या मोजणारं यंत्र सुमारे सेकंदभर कमाल आकड्यावर अडकलं. संगणकाला वाटलं, आपण जमिनीच्याही खाली आहोत. त्यानं पॅराशूट सोडून दिलं, इंजिनं तीनच सेकंद चालवली, आणि यान ३.७ किलोमीटरवरून कोसळलं. नेमकं कुठं, ते नासाच्या कक्षेतल्या यानानं काढलेल्या फोटोतला काळा डाग बघून ठरलं.

रेल्वेच्या लहरींचाही गोंगाट नको म्हणून पुणे-नाशिक रेल्वेची आखणी याच दुर्बिणीपायी अडली, तेव्हा आमच्या पट्ट्यात बरीच कुरकुर झाली. चाकणला अर्धा तास अडकून पडणारा मी म्हणतो, गाडीनं वळसा घ्यावा.