बाउन्स बफर

बाउन्स बफर हा मुख्य मेमरीतील तात्पुरता बफर असतो. एखाद्या उपकरणाला मूळ बफरपर्यंत थेट पोहोचता येत नसेल, तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम त्याच्या आवाक्यातील जागी असा बफर राखून ठेवते. उपकरणाकडे विदा पाठवायची असल्यास प्रोसेसर ती आधी या बफरमध्ये उतरवतो. उपकरणाकडून विदा येणार असल्यास हस्तांतरण पूर्ण झाल्यावर ती मूळ जागी नेली जाते. प्रोसेसरवरील नकलेचा भार टाळणे हाच थेट मेमरी प्रवेशाचा, अर्थात डीएमएचा, उद्देश असल्यामुळे बाउन्स बफर ही नाइलाजाने स्वीकारलेली तडजोड ठरते.

उगम

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये इंटेल ८२३७ हा डीएमए नियंत्रक होता. त्याचा पत्ता-गणक १६ बिटांचा असल्याने वरचे बिट एका स्वतंत्र पेज रजिस्टरमध्ये ठेवावे लागत. हस्तांतरण ६४ किलोबाइटच्या सीमेवर पोहोचले की गणक पुन्हा शून्यावर येई, पेज रजिस्टर मात्र बदलत नसे. परिणामी उरलेली विदा पुढच्या पत्त्यावर न जाता त्याच ६४ किलोबाइट क्षेत्राच्या आरंभी लिहिली जाई आणि तेथील असंबद्ध मजकूर नष्ट होई. नियंत्रक याची कोणतीही सूचना देत नसे. म्हणून बायोसच्या डिस्क सेवेत या सीमोल्लंघनासाठी ०९ हा स्वतंत्र त्रुटी-क्रमांक ठेवलेला आहे.

१९८४ च्या पीसी/एटीमध्ये पत्ता २४ बिटांचा झाला आणि पोहोच १६ मेगाबाइटपर्यंत वाढली. लिनक्स कर्नलमध्ये एक्स८६ संगणकांसाठी पहिल्या १६ मेगाबाइटचा वेगळा डीएमए विभाग आहे, तो याच मर्यादेमुळे.

ड्रायव्हरची जबाबदारी

उपकरण किती बिटांचे पत्ते हाताळू शकते हे लिनक्समधील ड्रायव्हर डीएमए मास्कद्वारे कर्नलला कळवतो. ओलांडू नये अशी सीमा आणि एका तुकड्याची कमाल लांबीही वेगळी सांगता येते. फ्रीबीएसडीमध्ये हीच माहिती, संरेखनासह, एका टॅगमध्ये एकत्र नोंदवतात. तऱ्हेवाईक उपकरणांसाठी ही मांडणी अधिक सुटसुटीत आहे. मर्यादा एकदा घोषित झाली की बाउन्स बफर केव्हा वापरायचा हे कर्नल ठरवते.

लिनक्समध्ये या कामासाठी सामान्यतः ६४ मेगाबाइटचा साठा राखलेला असतो व त्यातून एका वेळी कमाल २५६ किलोबाइटचे हस्तांतरण होऊ शकते. साठा संपल्यास पत्ता मिळत नाही. ड्रायव्हरने ही त्रुटी न तपासता उपकरणाला आज्ञा दिल्यास विदा भलत्याच ठिकाणी जाऊ शकते. संगणकात मेमरी कमी असेपर्यंत असा दोष सहसा उघडकीस येत नाही.

नंतरची उदाहरणे

मर्यादा जुन्या यंत्रांपुरती राहिलेली नाही. ब्रॉडकॉमच्या काही नेटवर्क चिपना केवळ ३० बिटांचे पत्ते, म्हणजे पहिला १ गिगाबाइट, वापरता येतो. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ च्या आरंभीच्या चिपमध्ये पीसीआय एक्स्प्रेसवरील उपकरणांची पोहोच ३ गिगाबाइटपुरती होती. यूएसबी नियंत्रक त्याच मार्गावर असल्यामुळे ४ गिगाबाइटच्या प्रतिरूपात ही अडचण प्रत्यक्ष जाणवणारी होती.

आयओएमएमयू असलेल्या संगणकांत दूरचे पान उपकरणाला जवळच्या पत्त्यावर दाखवता येते आणि नक्कल बहुतांशी टळते. मेमरी कूटबद्ध असलेल्या आभासी यंत्रांत मात्र बाउन्स बफर नव्या कारणाने परतला आहे: अतिथी यंत्राची खासगी मेमरी उपकरणाला वाचता येत नाही, त्यामुळे विदा सामायिक, अकूटबद्ध बफरमधूनच न्यावी लागते.