शस्त्रप्रसूतीनंतरचें बाळंतपण : एक टिपण

वारूळवाडी हें गांव जुन्नर तालुक्यांत नारायणगांवास लागून आहे. लोकभाषेंत जिला 'सिझर' म्हणतात ती शस्त्रक्रिया पहिल्या खेपेस झालेल्या स्त्रीनें पुढें नैसर्गिक रीतीनें बाळंत व्हावें कीं नाहीं, हा प्रश्न अशा गांवींही उद्भवतो. त्याचें मूळ शोधणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु होय.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत, मूढगर्भाच्या अध्यायांत, कूस चिरण्याची आज्ञा आहे. परंतु ती माता मृत असून कुशींत स्पंदन दिसत असेल तरच. येथें सुश्रुताच्या मुद्रित पाठांत 'बस्तमार' शब्द आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत त्याच जागीं 'बस्तिद्वार' येतो. पहिल्यानें बोकडासारखें अकस्मात् मरण सूचित होतें, दुसऱ्यानें अर्थ अडलेल्या प्रसूतीकडे वळतो. पोथ्या बाळगणारांनीं हा पाठभेद ताडून पाहावा. पाठ कोणताही घेतला तरी माता मृतच. सबब तिच्या पुढील प्रसूतीचा विचार तेथें संभवतच नाहीं.

डॉ. आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं फिलाडेल्फियास पदवीसाठीं प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. त्यापूर्वीं चारच वर्षें, १८८२ त, लाइप्झिगच्या झेंगर यांनीं गर्भाशय शिवण्याची रीति प्रसिद्ध केली होती. माता वांचूं लागली, आणि तिच्याबरोबर व्रणही राहिला. १९१६ त न्यूयॉर्कचे क्रॅगिन यांनीं एकदां शस्त्रक्रिया झाली कीं पुढेंही तीच, असें सांगितलें. त्या काळीं छेद गर्भाशयाच्या वरच्या भागांत उभा घेत.

पुढें खालच्या भागांतील आडवा छेद रूढ झाला. कळा सुरू असतां त्याचा व्रण फाटण्याचा संभव दोनशेंत सुमारें एक, उभ्याचा त्याच्या कित्येक पट. योग्य निवड केलेल्या शंभरांपैकीं ६० ते ८० स्त्रिया नैसर्गिक रीतीनें बाळंत होतात. मात्र व्रण फाटलाच तर हिशेब घटकांचा नसून मिनिटांचा असतो. शस्त्रवैद्य, भूलतज्ज्ञ, रक्त आणि बाळाच्या ठोक्यांवर अखंड नजर, इतकी सिद्धता असलेल्या रुग्णालयांतच हा प्रयत्न करावा. प्राथमिक आरोग्य केंद्राकडून तिची अपेक्षा करतां येत नाहीं. म्हणून ठिकाण कळांपूर्वींच ठरलें पाहिजे.

पोटावरील वण पाहून आंतील छेद उभा कीं आडवा हें कळत नाहीं; तें शस्त्रक्रियेच्या कागदांतच मिळतें. आपण सनदा व महजर वाळवीपासून जपतों. तो कागदही घरोघर तितकाच जपला जावा; त्यावर दोन जिवांचा निर्णय ठरतो.