झाकणावर न लिहिलेला पत्ता

मंडळी, १८९० सालच्या दोन गोष्टी. तिकडे अमेरिकेत विल्यम जेम्सचा मानसशास्त्रावरचा जाडजूड ग्रंथ आला. त्यात त्याने स्मरणाचे दोन भाग पाडले: आत्ता मनात असलेलं, आणि मनातून गेल्यावर परत आणावं लागणारं. इकडे मुंबईत महादू हावजी बच्चे यांनी घरचा डबा हापिसात पोचवायचा धंदा सुरू केला. दोघांचा एकमेकांशी संबंध शून्य. पण पहिल्याचं कोडं समजून घ्यायला दुसऱ्याचा डबा फार उपयोगी पडतो!

आपण आयटीवाले लगेच म्हणणार, रॅम आणि हार्ड डिस्क. १९६८ साली अ‍ॅटकिन्सन आणि शिफ्रिन यांनी मांडलेलं मॉडेल साधारण तसंच होतं. एक अल्पकालीन कोठी, एक दीर्घकालीन कोठी, आणि घोकलं की माल पहिलीतून दुसरीत.

आता डब्याचं झाकण बघा. मधोमध मोठा आकडा, म्हणजे डबा कुठल्या भागात जायचा. कडेला पोचवणाऱ्याचा नंबर, इमारतीची अक्षरं आणि मजला. शिवाय रंग आणि खूण, म्हणजे डबा निघाला ते स्टेशन, अंधेरी की बोरिवली. जॉर्ज मिलरने १९५६ साली सांगितलं होतं की माणूस एका वेळी सातेक गठ्ठेच धरू शकतो, पण गठ्ठ्यात किती माल भरायचा याला मर्यादा नाही. तुम्हाआम्हाला जी पाच-सहा सुटी चिन्हं दिसतात, तो डबेवाल्याला एकच गठ्ठा.

गंमत पुढेच आहे. झाकणावर घरचा पत्ताच नाही! कुठली सोसायटी, कुठला जिना, हे वर्षानुवर्षं त्याच वाटेने जाणाऱ्याला ठाऊक असतं. ते डोक्यात यादीसारखं असेल का? १९५३ च्या मेंदूच्या ऑपरेशननंतर हेन्री मोलेसनला नवे प्रसंग आठवेनात, तरी आरशात बघून चित्र गिरवायला तो शिकला. म्हणजे हाताची आठवण वेगळ्या खात्यात. १९७५ साली गॉडन आणि बॅडली यांना दिसलं, की पाणबुड्यांनी पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवतात. म्हणजे जागाही आठवण करून देते. मला वाटतं, डबेवाल्याची आठवण अर्धी डोक्यात आणि अर्धी त्या जिन्यावर असते.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, डबे थांबले. बरेच डबेवाले मावळ, मुळशी, खेडकडे आपापल्या गावी गेले. सेवा पुन्हा सुरू झाली, पण पूर्वीच्या सुमारे पाच हजारांपैकी कित्येक परतलेच नाहीत. रंगाच्या खुणा नव्या माणसाला शिकवता येतात. जिने मात्र त्याला स्वतःच चढावे लागतात, रोज, काही महिने.

टीममधला जुना माणूस सोडून गेला की आपण डॉक्युमेंटेशन शोधत बसतो. त्यातही नेमका घरचा पत्ता नसतो.

असो. भेटू पुढच्या शनिवारी.