गॅमा-रे बर्स्टचा आफ्टरग्लो: एका स्फोटामागे इतक्या दुर्बिणी का धावतात?

९ ऑक्टोबर २०२२. आपल्याकडे संध्याकाळचे पावणेसात वाजले होते. तेव्हा अंतराळातल्या ‘फर्मी’ उपग्रहावर गॅमा किरणांचा इतका मारा झाला की त्याचे डिटेक्टर काही काळ मोजायचेच थांबले. हा होता जीआरबी २२१००९ए, आजवर नोंदलेला सर्वांत तेजस्वी गॅमा-रे बर्स्ट.

गंमत अशी, की तासाभराने ‘स्विफ्ट’ उपग्रहाला तो दिसला, तेव्हा हे आपल्याच आकाशगंगेतलं काहीतरी असावं असं वाटलं. इतका झगमगाट दुरून येईल कसा? खरं अंतर कळलं ते आफ्टरग्लोमुळे.

आफ्टरग्लो म्हणजे काय?

प्रचंड मोठा तारा कोसळतो, तेव्हा जवळपास प्रकाशाच्या वेगाने पदार्थाचा झोत बाहेर पडतो. गॅमा किरणांचा मूळ झटका बहुतेक वेळा काही सेकंद ते काही मिनिटं टिकतो. पण तो झोत पुढे जाऊन आजूबाजूच्या वायूवर आदळतो. त्या धक्क्यात इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राभोवती फिरत प्रकाश सोडतात. हाच आफ्टरग्लो. झोत मंदावतो तशी त्याची चमक एक्स-रेकडून दृश्य प्रकाशाकडे आणि मग रेडिओकडे सरकते. म्हणून एकच दुर्बीण पुरत नाही.

कोण काय सांगतं?

- गॅमा: स्फोट झाल्याची खबर. वातावरण हे किरण अडवतं, म्हणून उपग्रह लागतात.
- एक्स-रे: नेमका पत्ता. पहिला एक्स-रे आफ्टरग्लो १९९७ साली ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहाने पकडला.
- दृश्य प्रकाश: अंतर. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने वर्णपट घेतला आणि कळलं, की २२१००९ए चा प्रकाश सुमारे २०० कोटी वर्षं प्रवास करून आला होता!
- रेडिओ: झोतात एकूण ऊर्जा किती होती, भोवती वायू किती होता. हा सिग्नल महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतो.

आपल्याकडचं काय?

लडाखमधल्या हानले इथे ७० सेंटिमीटरची ‘ग्रोथ-इंडिया’ ही रोबोटिक दुर्बीण आहे. ती आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था मिळून चालवतात. रेडिओसाठी पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. तिथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. २२१००९ए कडे या दोन्ही दुर्बिणी वळल्या होत्या.

आता तुमच्या खिशातल्या फोनकडे या. मोबाईलचा ९०० मेगाहर्ट्झचा बँड जीएमआरटी जिथे ऐकते त्या पट्ट्यांच्या अगदी जवळ येतो. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो, की जवळचा एक चालू फोनही त्याला सहज झाकून टाकतो. त्यामुळे तिथे भेट द्यायला गेलात आणि फोन बंद करायला सांगितलं, तर सरळ बंद करा. फ्लाइट मोडवर भागवू नका.

इतकी घाई कशाला?

आफ्टरग्लो दर तासाला फिका पडत जातो, आणि कोसळलेला तारा पुन्हा कोसळत नाही. म्हणून उपग्रहाचा अलर्ट काही सेकंदांत जगभर जातो. तेव्हा इथे ढग असतील, तर दुसऱ्या देशातलं कुणीतरी बघतं. त्या पहिल्या रात्री कुणीच बघितलं नाही, तर तो डेटा कायमचा गेला. मला या विषयातलं सगळ्यात भारी वाटतं ते हेच: इथे रिप्ले नाही.