क्षणार्धाच्या विलंबाची कथा



मोबाईलवरील खेळांत हरलेल्या मुलानें "लॅग झाला" अशी तक्रार केली म्हणजे वडीलधाऱ्या माणसांस ती सबब वाटते. मलाही वाटे. उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सबबी ऐकण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यास दुसरें काय वाटणार? परंतु या तक्रारीच्या पाठीमागें सुमारें तीस वर्षांचा इतिहास आहे, आणि तो वाचल्यावर माझें मत मला बदलावें लागलें.

बोटानें आज्ञा करणें आणि पडद्यावर तिचें फळ दिसणें यांमध्यें जो काळ जातो, त्यास हीं मुलें लॅग म्हणतात. १९९६ सालच्या जून महिन्यांत अमेरिकेंतील इड सॉफ्टवेअर या कंपनीनें 'क्वेक' नांवाचा युद्धाचा खेळ प्रसिद्ध केला. तो इंटरनेटवरून अनेकांस मिळून खेळतां येई. त्यांत न्यायाधीश एकच, तो म्हणजे सर्व्हर. खेळाडूनें कळ दाबली कीं ती वार्ता सर्व्हरकडे जाई, सर्व्हर निर्णय देई, आणि तो निर्णय परत आल्यावरच पडद्यावरचें पाऊल उचललें जाई. एकाच इमारतींतील संगणकांवर हें सुरळीत चाले. पण घरोघरचे लोक टेलिफोनच्या तारेवर मोडेम लावून खेळत. त्यांची वार्ता जाऊन येण्यास सेकंदाचा पांचवा हिस्सा, कधीं त्याहूनही अधिक काळ लागे. चालणें बर्फावरून घसरल्यासारखें होई.

या खेळाचे एक प्रमुख कर्ते जॉन कार्मॅक यांनीं त्याच वर्षाच्या डिसेंबरांत 'क्वेकवर्ल्ड' ही सुधारलेली आवृत्ति बाहेर आणली. तिच्यांतील युक्ति अशी कीं, खेळाडूच्या संगणकानें निर्णयाची वाट न पाहतां पाऊल टाकून मोकळें व्हावें, आणि मागाहून सर्व्हरनें निराळें कांहीं सांगितलें तर मुकाट्यानें आपली चूक दुरुस्त करावी. विलंब तेवढाच राहिला. तो डोळ्यांस दिसेनासा झाला.

मात्र नेमबाजीचा प्रश्न उरला. ज्या शत्रूवर आपण नेम धरतों, तो क्षणापूर्वीं तेथें होता. आतां तो पुढें गेलेला असतो. व्हॉल्व्ह कंपनीचे यान बर्नियर यांनीं २००१ सालीं एका निबंधांत यावरचा उपाय वर्णिला आहे. सर्व्हरनें सर्वांच्या मागील जागा लक्षांत ठेवाव्या, आणि गोळी सुटली त्या क्षणीं नेमबाजास काय दिसत होतें, त्यावरून निकाल द्यावा. म्हणजे सर्व्हर काळास मागें नेतो! याचा परिणाम असा कीं, भिंतीआड सुखरूप पोहोंचलेला खेळाडू तेथें मरून पडतो. मंद तारेवाल्यास न्याय देतांना दुसऱ्यावर अन्याय होतो, आणि तो पुरता टाळण्याचा मार्ग अद्याप कोणास सांपडलेला नाहीं. आमच्या मुलांच्या फोनवरील खेळही याच युक्त्यांवर चालतात.

अंतर तर कोणत्याच युक्तीनें कमी होत नाहीं. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर जातो. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेंत सुमारें ३,९०० किलोमीटर. तेव्हां तेथील सर्व्हरकडे जाऊन येण्यास सेकंदाचे निदान ३९ सहस्रांश लागणारच. म्हणून खेळांत सर्व्हर निवडण्याची मुभा असेल तेथें जवळचा निवडावा.

याहून मोठा चोर पुष्कळदां घरांतच असतो. जिम गेटिस या संगणकतज्ज्ञांस २०१० सालीं स्वतःच्या घरीं असें आढळलें कीं, एखादी मोठी फाइल पाठविली जात असतां बाकीचे सारे संदेश कमालीचे रेंगाळतात. स्मरणशक्तीच्या चकत्या स्वस्त झाल्यामुळें कारखानदारांनीं यंत्रांत लांबच लांब रांगेची सोय करून ठेविली होती. एकानें शंभर पार्सलें खिडकीवर मांडलीं कीं मागच्यानें पोस्टकार्ड घेऊन ताटकळत उभें राहावयाचें, तसा हा प्रकार. २०१२ सालीं कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनीं संदेश रांगेंत किती वेळ अडकला हें मोजून रांग आंखडणारी पद्धति प्रसिद्ध केली. ती ज्या राउटरांत नाहीं, तेथें खेळाच्या वेळीं इतरांचे चित्रपट व फोटोंची रवानगी थांबविणें हाच उपाय. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा शेजाऱ्यांच्या यंत्रांनीं गजबजलेला असतो. ५ चा बहुधा मोकळा सांपडतो.

शेवटीं खुद्द फोन. सेकंदास ६० चित्रें दाखवावयाचीं तर प्रत्येकास सुमारें १७ सहस्रांशच मिळतात. फोनांत बहुधा पंखा नसतो. तापला कीं तो स्वतःच आपली गति कमी करतो, आणि चित्रें अडखळतात. येथें इंटरनेटचा कांहींच दोष नसतो. चित्रांची सुबकता कमी केली तर त्याचें ओझें हलकें होतें.

कित्येक खेळांत पडद्याच्या कोपऱ्यांत पिंगचा आंकडा दिसतो. तो सदैव मोठा असेल तर दोष अंतराचा, उड्या मारीत असेल तर रांगेचा किंवा वाय-फायचा, आणि लहान व स्थिर असूनही चित्र अडखळत असेल तर फोनचा. आमच्या घरीं ही परीक्षा केली तेव्हां आंकडा स्थिर निघाला. फोन मात्र जाड आवरणांत गुंडाळलेला आणि चार्जिंगला लावलेला होता. आवरण काढलें, तार सोडविली. त्यानंतरच्या डावांतही नातू हरला. पण त्या वेळीं लॅगचें नांव त्यानें काढलें नाहीं.