डेथ व्हॅलीच्या वाळवंटातून २० जनावरांची गाडी ३३ टन वजन ओढायची, तेही एका दोरीच्या इशाऱ्यावर

कॅरमच्या बोर्डावर सोंगटी सुळकन पळावी म्हणून आपण जी बोरिक पावडर टाकत आलो, ती बनते बोरॅक्सपासून. मराठीत याला टाकणखार म्हणतात. सोनाराच्या दुकानात दागिन्याला डाग देताना हाच खार लागतो. काच, चिनी मातीची भांडी, कपडे धुण्याची पावडर, सगळीकडे त्याचा उपयोग.

एकेकाळी हा टाकणखार तिबेट-लडाखकडून मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर लादून हिमालय ओलांडून भारतात यायचा. पुढे १९ व्या शतकात अमेरिकेत त्याचे साठे सापडले. त्यातला एक साठा होता कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत.

नावातच मृत्यू आहे. या खोऱ्यातला सगळ्यात खोल भाग समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली आहे. १० जुलै १९१३ ला इथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं, जगातलं सर्वाधिक तापमान म्हणून तीच नोंद सांगितली जाते.

हिरवी ज्योत दिसली आणि नशीब उघडलं

१८८१ सालची गोष्ट. ॲरन आणि रोझी विंटर्स हे गरीब जोडपं या भागात राहत होतं. बोरॅक्स कसा ओळखायचा हे त्यांना एका वाटसरूकडून कळलं होतं. आम्ल आणि अल्कोहोल टाकून पेटवायचं, ज्योत हिरवी झाली की समजायचं बोरॅक्स आहे. त्यांनी डेथ व्हॅलीतली पांढरी माती आणून पेटवली. ज्योत हिरवी आली.

सॅन फ्रान्सिस्कोचा व्यापारी विल्यम कोलमन याने त्यांचा हक्क २० हजार डॉलरला विकत घेतला आणि हार्मनी बोरॅक्स वर्क्स नावाचा कारखाना उभा केला. १८८३ पासून माल निघू लागला. खाण खणायची गरज नव्हती, बोरॅक्स जमिनीवरच पसरलेला होता. तो खरवडून गोळा करायचा, पाण्यात उकळायचा आणि थंड होताना त्याचे स्फटिक जमू द्यायचे. उन्हाळ्यात तर इतकं तापायचं की द्रावण थंडच व्हायचं नाही, त्यामुळे तेवढे महिने काम अमार्गोसा भागात हलवावं लागायचं.

आता खरी अडचण. सगळ्यात सोयीचं रेल्वे स्टेशन होतं मोहावी, १६५ मैल म्हणजे सुमारे २६५ किलोमीटर लांब. मध्ये डोंगर, वाळू आणि पाण्याचा दुष्काळ.

गाडी होती तरी कशी?

उत्तर निघालं '२० खेचरांची गाडी'. खरं तर बहुतेक वेळा १८ खेचरं आणि २ घोडे असायचे. गाडीला लागून असलेल्या जोडीत धिप्पाड घोडे, त्यांच्यापुढे खेचरांच्या जोड्या. खेचर म्हणजे नर गाढव आणि घोडी यांची संतती. उन्हात, कमी चाऱ्यावर टिकणारं आणि पाय जपून टाकणारं जनावर.

मागे एकामागोमाग जोडलेल्या २ प्रचंड लाकडी गाड्या. मागचं चाक ७ फूट उंच, पुढचं ५ फूट. चाकावरची लोखंडी धाव ८ इंच रुंद, म्हणजे वाळूत रुतायला नको. प्रत्येक गाडीत सुमारे ९ टन बोरॅक्स. सगळ्यात शेवटी साडेचार हजार लिटर पाण्याची टाकी. सगळं मिळून वजन सुमारे ३३ टन.

आपल्याकडे ट्रकवर ड्रायव्हर आणि क्लीनर असतो, अगदी तसंच इथेही दोघंच. एक हाकणारा, दुसरा मदतनीस. मदतनीसाने उतारावर मागच्या गाडीचा ब्रेक दाबून धरायचा, मुक्कामी सरपण गोळा करायचं, स्वयंपाक करायचा, भांडी घासायची. जायला १० दिवस, यायला १०.

एक कासरा, २० जनावरं

इतक्या जनावरांना लगाम किती? फक्त एक. सुमारे १२० फूट लांबीचा कासरा थेट सगळ्यात पुढच्या जोडीपर्यंत जायचा. एकसारखा ओढून धरला की डावीकडे वळायचं, हिसके दिले की उजवीकडे. बाकीचं काम हाकणाऱ्याच्या आवाजावर.

खरी परीक्षा घाटातल्या वळणावर. पुढची जनावरं वळली की मधली लांब साखळी ताणून सरळ व्हायला बघायची आणि गाडी आतल्या बाजूला खेचली जायची. एका बाजूला दरी असेल तर संपलंच! म्हणून गाडीजवळच्या खेचरांना शिकवलेलं असायचं की आपलं नाव ऐकलं की साखळीवरून पलीकडे उडी मारायची आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला तिरकं ओढायचं. वळण संपलं की परत जागेवर. एका खेचराने चूक केली तरी सगळ्यांचा जीव धोक्यात.

शेवट आणि प्रसिद्धी

या गाड्यांनी सुमारे ६ वर्षांत २ कोटी पौंड, म्हणजे ९ हजार टनांहून जास्त बोरॅक्स वाहून नेला असं सांगतात. १८८८ मध्ये कोलमनचं दिवाळं निघालं आणि धंदा फ्रान्सिस मॅरियन स्मिथकडे गेला. काम कॅलिको डोंगराकडे सरकलं. तिथे १८९४ मध्ये खेचरांच्या जागी 'ओल्ड डायना' नावाचं वाफेचं इंजिन आणलं, पण ते वाळूत रुतायचं आणि सारखं बिघडायचं. पुन्हा खेचरंच जुंपावी लागली. १८९८ मध्ये रेल्वे आली आणि त्यांचं काम संपलं.

पण नाव राहिलं. कंपनीने '२० म्यूल टीम' हाच ब्रँड केला. १९३० मध्ये त्याच जाहिरातीसाठी 'डेथ व्हॅली डेज' हा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला, पुढे तो टीव्हीवर आला आणि काही काळ त्याचं सूत्रसंचालन रोनाल्ड रेगन यांनी केलं. तेच, नंतर राष्ट्राध्यक्ष झालेले.

या गोष्टीत एक जण मात्र मागेच राहतो. उन्हात वाकून तो बोरॅक्स खरवडणारे बहुतेक मजूर चिनी होते, रोज सुमारे १.३० डॉलरवर राबणारे. १८८२ मध्ये, म्हणजे कारखाना उभा राहत होता त्याच सुमारास, अमेरिकेने नव्या चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा केला होता. डब्यावर खेचरांचं चित्र आलं, या माणसांचं नाही.

हार्मनीचे अवशेष आणि तिथली जुनी गाडी आजही डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात बघायला मिळते. गाडी बघताना माती खरवडणारे ते हातही आठवायला हवेत.