प्रकाशीय संवेदक व पीकपाहणी : वाशिम जिल्हा

वस्तूवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणाऱ्या साधनास प्रकाशीय संवेदक म्हणतात. कृत्रिम उपग्रहांवर असे संवेदक बसविल्यामुळे शेतातील पिकांची पाहणी अवकाशातून करणे शक्य झाले. वाशिम हा मुख्यतः कोरडवाहू खरीप शेतीचा जिल्हा असून सोयाबीन, तूर व कापूस ही तेथील महत्त्वाची पिके होत. दुष्काळाची घोषणा व पीकविम्याची भरपाई यांच्याशी ही पाहणी जोडली गेल्याने तेथील शेतकऱ्याच्या दृष्टीने तिच्या अचूकतेस विशेष महत्त्व आहे.

पिकाची स्थिती ठरविण्याची जुनी रीत नजर अंदाजाची होती. गावचे पीक सोळा आण्यांपैकी किती आले हे आणेवारीने ठरे. दशमान नाणेपद्धतीनंतर तिची पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांहून कमी पैसेवारी ही टंचाईची खूण मानली जाऊ लागली. नजर अंदाजातील दोष टाळण्यासाठी पां. वा. सुखात्मे व वि. गो. पानसे या संख्याशास्त्रज्ञांनी १९४० नंतरच्या दशकात यादृच्छिक नमुना निवडीवर आधारलेले पीककापणी प्रयोग देशात रूढ केले. या प्रयोगांत निवडलेल्या शेतातील ठराविक मापाच्या तुकड्याची कापणी व मळणी करून उत्पन्नाचे वजन घेतात.

प्रकाशीय संवेदकाची रीत निराळी आहे. पानांतील हरितद्रव्य तांबड्या प्रकाशाचे शोषण करते, तर पानांची अंतर्रचना निकट अवरक्त प्रारणाचे मोठ्या प्रमाणावर परावर्तन करते. या दोन मापनांतील फरकास त्यांच्या बेरजेने भागले असता वनस्पती निर्देशांक मिळतो. पीक जोमदार असल्यास तो वाढतो, तर पीक सुकू लागल्यास उतरतो.

भारताने ७ जून १९७९ रोजी सोडलेल्या भास्कर-१ या उपग्रहावर दृश्य व निकट अवरक्त प्रकाशात काम करणारे दूरचित्रवाणी कॅमेरे होते. त्यांची विभेदनक्षमता सु. १ किमी. असल्याने शेत वेगळे दिसणे शक्य नव्हते. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या आयआरएस-१ए या उपग्रहावर कॅमेऱ्यांऐवजी संवेदी घटकांच्या सरळ ओळी बसविण्यात आल्या. त्यांच्या चित्रातील लहानात लहान चौकोनाची, म्हणजे पिक्सेलाची, बाजू एका संवेदकात ७२·५ मी. व दुसऱ्यात सु. ३६ मी. होती. त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. आजचा वाशिम जिल्हा त्या वेळी अकोला जिल्ह्यात मोडत असे. १ जुलै १९९८ रोजी वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला.

पुढील काळात पिक्सेल लहान होत गेला व चित्रे अधिक वेळा मिळू लागली. रिसोर्ससॅट-१ (२००३) या उपग्रहाच्या एका संवेदकाने ५६ मी. विभेदनक्षमतेची चित्रे दर पाच दिवसांनी देता येऊ लागली. यूरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेतील दोन उपग्रह २०१५ व २०१७ मध्ये सोडले गेले आणि तोच कालावधी राखून १० मी. विभेदन साध्य झाले. आयआरएस-१ए च्या मोठ्या पिक्सेलात अर्ध्या हेक्टराहून थोडी अधिक जमीन येई. सेंटिनेल-२ च्या पिक्सेलात जवळजवळ एक गुंठा येतो. म्हणजे एकेका शेतकऱ्याचे शेत वेगळे दिसू लागले.

तथापि सूक्ष्म विभेदनाने सर्व अडचणी दूर झाल्या नाहीत. सोयाबीन जून-जुलैत पेरतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढतात. फुलोरा व शेंगधारणा यांचा निर्णायक काळ ऑगस्ट व त्यानंतरच्या दिवसांत येतो. याच दिवसांत वऱ्हाडावर पावसाळी ढग असतात आणि ढगांतून दृश्य व अवरक्त प्रकाश पार होत नाही. त्यामुळे दर पाच दिवसांनी उपग्रह डोक्यावर आला, तरी उपयुक्त चित्र मिळेलच असे नाही. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असल्यास एकाच पिक्सेलात दोन्ही पिकांचा प्रकाश मिसळतो. पिवळ्या मोझॅक रोगाने पिवळे पडलेले पीक व पक्वतेमुळे पिवळे झालेले पीक यांतील भेद केवळ निर्देशांकावरून ओळखणे कठीण असते. तसेच निर्देशांक पानांचा जोम दर्शवितो; शेंगांतील दाण्यांचे वजन तो सांगत नाही.

ढगांच्या अडचणीवर रडार उपग्रहांचा उपाय योजण्यात आला. रिसॅट-१ (२०१२), सेंटिनेल-१ मालिका (२०१४ पासून) व ईओएस-०४ (२०२२) हे उपग्रह स्वतः सूक्ष्मतरंग सोडतात आणि परत येणाऱ्या तरंगांची नोंद घेतात. हे तरंग ढगांतून आरपार जातात. त्यांच्या साहाय्याने पिकाखालील क्षेत्राचा अंदाज करता येतो, मात्र हरितद्रव्याची थेट नोंद त्यांत नसते. म्हणून दोन्ही प्रकारच्या नोंदी एकत्र अभ्यासल्या जातात.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ नियमावलीने पर्जन्यमानाबरोबर वनस्पती निर्देशांकासही निकषांत स्थान दिले, पण अंतिम निर्णयापूर्वी प्रत्यक्ष क्षेत्रपाहणी आवश्यक ठेवली. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून पिकाची छायाचित्रासह नोंद करू लागले. खरीप २०२३ पासून राज्यातील पीकविम्यात सोयाबीन व कापूस यांसारख्या पिकांच्या उत्पादन-निश्चितीसाठी पीककापणी प्रयोगांबरोबर सुदूर संवेदनाधारित अंदाजास किमान ३० टक्के भार देण्याचे ठरले.

भरपाई महसूल मंडळाच्या सरासरीवर ठरते, तर हानी एकेका शेताची होते. एका गुंठ्यापर्यंत पोहोचलेल्या संवेदकाचा लाभ शेतकऱ्यास पूर्णपणे मिळावयाचा असेल, तर त्याच्या चित्राची बांधावरील नोंदीशी पडताळणी होणे अगत्याचे आहे. ढगाळ ऑगस्टातील पिकाची साक्ष देण्यास शेतकरी, तलाठी व पीककापणी प्रयोग हेच अद्याप मुख्य आधार आहेत.